टोणपे सरांच्या मिशा

"शिंत्रे, तुझ्या बिल्ल्यावरच्या पॅलेटला अंगठ्याचं भोकच नाही," रिक्षातून खाली पाय टेकता टेकता टोणपे सर म्हणाले.

मी मान वाकवून बघितलं. खरंच नव्हतं. माजी विद्यार्थी संघानं मेळाव्यासाठी खास बनवून घेतलेले बिल्ले होते, सोनेरी कडेचे, आणि सकाळपासून आम्ही सगळे चित्रकार ते छातीवर मिरवत होतो. एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. लग्न होऊन माझं आडनाव कधीच बदललं होतं, पण सरांच्या लेखी मी शिंत्रेच होते.

"मग धरायचं कुठं हे?" सरांनी विचारलं.

"धरायला नाही सर, लावायला दिलंय."

सर हसले असावेत. डिसेंबरची सकाळ होती, सांगलीत त्या वर्षी थंडीही बरी पडली होती. सरांनी डोक्यावर कानटोपी चढवली होती आणि नाकापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला होता. जे काय कळायचं ते डोळ्यांवरूनच. मी रिक्षात डोकावले. सर कुठंही निघाले की काकू बरोबर असायच्याच.

"काकू नाही आल्या?"

"नाही. तिला जमणार नाही आता."

गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं. पुढं विचारणार तेवढ्यात पिसे धावत आला, सरांच्या पायाशी वाकल्यासारखं केलं आणि फोटोग्राफरची वाट बघत तसाच वाकून राहिला.

हा पिसे आमच्याच वर्गातला. हातात कला बेताची, पण फीत कापायला कोणाला बोलवावं याची जाण उपजत. चित्रप्रबोधिनीतून, म्हणजे आमच्या चित्रकलेच्या कॉलेजातून, बाहेर पडल्यावर त्यानं एकही चित्र काढल्याचं कोणाला आठवत नाही, पण माजी विद्यार्थी संघाचा सचिव तोच, आणि संघाच्या 'रंगवार्ता' या अंकाचा संपादकही तोच. अंकात 'बातम्या आणि संधी' असं सदर असायचं. बातम्या अशा, की आपल्या अमक्या माजी विद्यार्थ्यानं काढलेलं गणपतीचं चित्र आमदारांनी स्वतःच्या बैठकीत लावलं. अमकीच्या रांगोळीची दखल घेतली गेली. कोणी घेतली ते लिहिलेलं नसे. बातमी ज्याची त्यानंच लिहून पाठवायची, त्यामुळे प्रत्येक जण ख्यातनाम असायचा. वर्षभर अंक वाचला की वाटायचं, महाराष्ट्रात हलाखीत असलेला चित्रकार एकच, तो म्हणजे आपण.

आणि संधी? त्या बहुतेक मुदत टळल्यावर छापून यायच्या. पिसेच्या भाच्याचा अर्ज आधी गेलेला असायचा.

मीही त्या दिवशी एका संधीसाठीच आले होते, उगीच सोवळेपणा कशाला दाखवू? मी एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायची आणि शाळेनं त्या वर्षी चित्रकलेचे तास संगणकाला देऊन टाकले होते. नवऱ्याचा छापखाना बंद पडला होता. अशात कळलं, की एका देवस्थानच्या संग्रहालयात मोठमोठी भित्तिचित्रं रंगवायची आहेत. दोन वर्षांचं काम, दरमहा पगार, राहायची सोय, आणि मुख्य म्हणजे हातात ब्रश. ते काम जयसिंग हुपरीकरला मिळालं होतं आणि आपल्या हाताखालचे चित्रकार तो प्रबोधिनीच्या माजी विद्यार्थ्यांतूनच घेणार होता. यादी मेळाव्यातच जाहीर व्हायची होती. मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की आदल्या संध्याकाळी मी ब्रश साबणानं धुऊन ठेवले होते.

हुपरीकर आम्हाला दोन वर्षं पुढं. मुंबईत त्याचं मोठं नाव. त्याच्या स्टुडिओत चित्रं काढायला दहा मुलं आणि सही करायला तो, असं लोक म्हणायचे. तो मला पडवीतच भेटला. रेशमी कुर्ता, खांद्यावर शबनम, आणि बोटांना रंगाचा एक डाग नाही.

"तुझं नाव घेतलंय मी," तो म्हणाला. "पिसे सांगत होता, तुझी रेघ चांगली आहे. दुपारी जाहीर करतो."

"फार उपकार झाले," मी म्हणाले.

"उपकार कसले? एकच आहे. माझ्या हाताखाली तोंड चालवणारी माणसं टिकत नाहीत. काम करायचं, गप्प राहायचं."

"मी कुठं बोलते?" मी म्हणाले, आणि स्वतःचाच राग आला. पण तो गिळला.

कार्यक्रम ठरला होता तो असा. हुपरीकर व्यक्तिचित्रणाचं प्रात्यक्षिक करणार आणि मॉडेल म्हणून बसणार साक्षात टोणपे सर. गुरूंना समोर बसवून शिष्यानं चित्र काढायचं. पिसेनं हे 'रंगवार्ता'च्या विशेषांकात पहिल्या पानावर छापलं होतं, सरांच्या जुन्या फोटोसकट. भरघोस मिशा, कानशिलावर कुरळे केस.

त्या मिशा म्हणजे आमच्या वर्गाचा धडा होता. पहिल्या वर्षाला सर स्वतःच मॉडेल म्हणून बसायचे. मिशांच्या कडेला उजेड कसा विरतो ते ज्याला जमलं, तो पुढच्या वर्षात गेला असं आम्ही धरायचो. आणि दर शनिवारी सर 'साक्ष' घ्यायचे. चित्र पुरं झालं की एकाला पुढं बोलवायचं. त्यानं मॉडेल आणि चित्र यांच्यामध्ये उभं राहायचं आणि सांगायचं, समोर काय आहे आणि कागदावर काय आहे. तेवढंच. चांगलं, वाईट, सुंदर यातलं काही म्हणायचं नाही. 'छान' म्हणणाऱ्याला सगळ्यांचे ब्रश धुवावे लागायचे. आणि जे दिसत नाही ते सांगायचं नाही, हा दुसरा नियम. साक्ष संपली की सर आम्हा सगळ्यांना मागच्या दारानं घरी न्यायचे. तेव्हा त्यांचं घर प्रबोधिनीच्या आवारातच होतं. काकू तव्यावरून थालीपिठं उतरवत असायच्या. खानावळीचं अन्न खाऊन कंटाळलेली आम्ही पोरं ती मोजून खात नव्हतो. हुपरीकर तर दुसऱ्या वर्षी कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्यांच्याकडेच राहिला होता.

व्यासपीठावर पिसेनं सरांना खुर्चीत बसवलं. घाई इतकी, की कानटोपी न काढताच तयार फेटा वरून दाबून बसवला. मग शाल घालायला मफलर सोडला.

सरांना मिशा नव्हत्या.

वरचा ओठ उघडा होता. भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर खाली पांढुरकी जागा राहते तसा. मला पहिल्यांदा ते सरच वाटेनात. मग रिक्षाजवळचं बोलणं आठवलं. तिला जमणार नाही आता. आमच्याकडे त्या वयाचा माणूस जन्मभराच्या मिशा हौस म्हणून उतरवत नाही.

मी शेजारच्या माणगावेचा हात धरला. ती आमच्याच वर्गातली, आता शिकवण्या घेते.

"सरांकडे बघ," मी म्हणाले.

तिनं बघितलं. नीट बघितलं. "फेटा झकास बसलाय गं," ती म्हणाली.

हॉल भरलेला होता. सगळे चित्रकार. जन्मभर बघायचं शिकलेले आणि दुसऱ्यांना बघायला शिकवणारे. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. कोणी मोबाइलवर सरांचा फोटो घेत होतं, कोणी सरांच्या पुढ्यातून हुपरीकरचा. एकाच्याही कपाळावर आठी नव्हती.

हुपरीकरनं कॅनव्हासवरचं फडकं उचललं. मी कडेच्या खुर्चीवर होते, तिथून उजेड तिरका पडत होता, त्यामुळे मला दिसलं. कॅनव्हास कोरा नव्हताच. पेन्सिलीच्या बारीक रेघांनी चेहरा आधीच उतरवलेला होता. यात नवल काही नाही. जुना फोटो प्रोजेक्टरवरून कॅनव्हासवर पाडायचा, त्यावरून रेघा ओढून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी लोकांसमोर मनगट झटकत वरून रंग द्यायचा. निम्मी प्रात्यक्षिकं अशीच चालतात. सगळ्यांना माहीत असतं आणि आपली पाळी येणार असते म्हणून सगळे गप्प बसतात.

त्यानं सुरुवात केली. डोळे बारीक करून तो सरांकडे बघायचा, ब्रश हवेत आडवा धरून माप घ्यायचा आणि मग पेन्सिलीच्या रेघेवर रंग ठेवायचा. फेटा तेवढा त्याला समोर बघून काढावा लागला, कारण फोटोत फेटा नव्हता. तो कसाबसा काढला, तरी त्याच्या खालून कानशिलाचे कुरळे केस बाहेर आलेच. आणि मग मिशा. दोन फटकाऱ्यांत. डावीकडं एक, उजवीकडं एक.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"काय हात आहे," मागून कोणी तरी म्हणालं. "मिशीचा पीळ बघा. हुबेहूब सर."

सर समोरच बसले होते, दहा हातांवर, गुळगुळीत ओठाचे. हुपरीकरला दिसलं नसेल का? दिसलं असणार. दोन तास एखाद्या माणसाकडे बघून मिशा नाहीत हे दिसत नाही असं होत नाही. पण त्याच्या हाताला फोटोची सवय झाली होती. समोरच्या माणसासाठी तो हात थांबवण्याची सवय मात्र कधीच गेली होती.

चित्र पुरं झालं. पिसेनं माइक सरांच्या हातात दिला.

"सर, आशीर्वादाचे दोन शब्द."

"आशीर्वाद नंतर," सर म्हणाले. "आधी साक्ष."

जुन्या लोकांत कौतुकाची खसखस पिकली. वा, काय आठवण काढली. सरांनी हॉलवरून नजर फिरवली. मी बिल्ल्याकडे बघत बसले. देवा, मला नको.

"शिंत्रे," सर म्हणाले.

मी उठले. व्यासपीठावर चढून, सरांनी पुढं केलेला माइक घेऊन दोघांच्या मध्ये उभी राहिले. एका हाताला सर, दुसऱ्या हाताला कॅनव्हास. हुपरीकर फडक्याला ब्रश पुसत होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याच्या खिशात यादी होती. माझी दोन वर्षं त्या खिशात होती.

"समोर नारंगी फेटा," मी म्हणाले. "कागदावर नारंगी फेटा."

कॅनव्हासला सुद्धा सर कागदच म्हणायचे.

"पुढं."

"समोर तपकिरी काठाची शाल. कागदावर तपकिरी काठाची शाल."

"पुढं."

"समोर डोळे..." मी थांबले. सरांचे डोळे सुजलेले होते, जवळून नीट दिसत होतं. "समोर डोळे सुजलेले. कागदावर सुजलेले नाहीत."

हॉल हसला. हुपरीकरही हसला, पण तो ब्रश पुसायचा थांबला होता.

"पुढं," सर म्हणाले.

मी घरच्या बंद छापखान्याचा विचार केला, धुऊन ठेवलेल्या ब्रशांचा केला. आणि खरं सांगते, मला संताप आला. कामाचा नाही, कोणा एकाचा नाही. त्या सगळ्या भरल्या हॉलचा.

"समोर वरचा ओठ उघडा आहे," मी म्हणाले. "कागदावर मिशा आहेत."

पुढच्या रांगेतल्यांनी माना उंच करून सरांकडे बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं.

"फेट्याखाली?" सरांनी विचारलं.

"फेट्याखाली मला दिसत नाही, सर."

"बरोबर," सर म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी फेटा उचलला, त्याच्याबरोबर कानटोपीही निघाली. "आता सांग."

"समोर केस काढलेले आहेत. नुकतेच. पांढरे खुंट उगवलेत. कागदावर कुरळे केस आहेत."

हुपरीकरनं माझ्या हातातून माइक घेतला. नाव काही उगीच होत नाही माणसाचं.

"सर," तो म्हणाला, "कलावंत डोळ्यांनी बघत नाही, मनानं बघतो. तुमचं जे रूप आम्हा शिष्यांच्या मनात आहे, तेच मी आज कॅनव्हासवर उतरवलं. काळ तुमच्या चेहऱ्यावरून जाईल, आमच्या मनावरून जाणार नाही."

आणि काय सांगू, टाळ्या. मघापेक्षा जास्त. लोक उभे राहिले. माणगावेनं पदराला डोळे पुसले.

टाळ्या थांबल्यावर सरांनी माइक परत मागून घेतला.

"मनातलं काढलंस, हरकत नाही जयसिंग," ते म्हणाले. "पण मग मला दोन तास इथं बसवलंस कशाला?"

हुपरीकर पुन्हा ब्रश पुसायला लागला.

"शालिनी गेली," सर म्हणाले. "मागच्या महिन्यात. मूलबाळ नाही, तेव्हा सगळं मीच केलं. पिसेला मी फोन केला होता."

सगळा हॉल पिसेकडे बघायला लागला. पिसेच्या हातात पुष्पगुच्छ होता, तो त्यानं पाठीमागं घेतला.

"सर, विशेषांक छपाईला गेला होता," तो म्हणाला. "मेळाव्याचा अंक, आनंदाचा. त्यात शोकवार्ता बरी दिसत नाही. पुढच्या अंकात घेतच होतो. जागा धरून ठेवलीय."

"तू म्हणालास, सर तुम्ही या तर खरं, मन रमेल. म्हणून आलो. म्हटलं, तिच्या हातचं खाल्लेली पोरं सगळी एका जागी भेटतील. माझ्याकडे बघून कोणी तरी विचारेल." सर एवढंच बोलले आणि माइक खाली ठेवला.

पिसे खरा कार्यकर्ता. त्यानं लगेच दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. ती मिनिटभरात आटोपली, कारण मागच्या अंगणात पुऱ्या तळायला घेतल्या होत्या आणि वास हॉलपर्यंत येत होता. मग जेवणाआधी हुपरीकरची यादी वाचून झाली. माझं नाव त्यात नव्हतं. माणगावेचं होतं. पिसेच्या भाच्याचंही होतं, आणि तो तर प्रबोधिनीत कधी शिकलाच नव्हता.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. घरी काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते.

हॉल रिकामा झाला. सर अजून खुर्चीतच होते, फेटा मांडीवर घेऊन. मी त्यांच्याजवळ गेले.

"कागद आहे?" सरांनी विचारलं.

पिशवीत वही होती, कोळशाची कांडी होती.

"मग काढ. बसलोच आहे."

मी काढत गेले. ओठाची पांढुरकी जागा काढली, सुजलेल्या पापण्या काढल्या, टाळूवरचे खुंट काढले. मिशांनी झाकलेली, दोन्ही बाजूंना खाली ओढलेली ओठांची रेघ मी पहिल्यांदा बघत होते. दोन-तीन जण ताटं घेऊन डोकावून गेले. माणगावे वाटी घेऊन आली, बासुंदीचा घोट घेत म्हणाली, "छान आलंय."

"छान म्हणाली," सर खुर्चीतून म्हणाले. "जा, ब्रश धू."

ती हसून निघून गेली. तिला तो विनोद वाटला.

चित्र झाल्यावर सरांनी वही हातात घेतली. साक्ष मागितली नाही.

"हा मीच," ते म्हणाले. "शालिनीनं याला कधी बघितलंच नाही. लग्नात पण मिशा होत्या मला." मग पान सांभाळून फाडून घेतलं, घडी न घालता शालीत गुंडाळलं आणि म्हणाले, "चल, रिक्षा बघ."

पुढची दोन वर्षं आम्ही पोटाला चिमटा घेऊन काढली. ती भित्तिचित्रंही कोणी रंगवली नाहीत. हुपरीकरनं शेवटी संगणकावर चित्रं करून फरशांवर छापून घेतली, आणि माणगावे त्या फरशांच्या सांध्यांना रंग लावत बसली. 'रंगवार्ता'त मात्र 'आपल्या माजी विद्यार्थ्यांचं ऐतिहासिक कार्य' म्हणून आलं. मेळाव्याच्या पुढच्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हुपरीकरचं चित्र होतं, 'गुरूंना समोर बसवून साकारलेलं' अशा ओळीसह. काकूंची बातमी शेवटच्या पानावर, सवलतीत कॅनव्हास मिळण्याच्या जाहिरातीखाली होती. पिसेनं जागा खरंच धरून ठेवली होती.

हुपरीकरचं ते चित्र आता प्रबोधिनीच्या हॉलमध्ये असतं. गुरुपौर्णिमेला त्याला हार घालतात, नव्या मुलांना मिशांचा पीळ दाखवतात. सर त्यानंतर बरीच वर्षं जगले. मी काढलेला तो कागद त्यांनी काकूंच्या फोटोसमोर लावला होता, काकूंना दिसेल असा. मिशा त्यांनी पुन्हा ठेवल्या नाहीत. मेळाव्याला आलेल्यांपैकी कितीतरी जणांना हे अजून माहीत नाही.